डॅनियल फ्रीमनचा दाखला: उलट्या टीच्या आकाराचे 160 एकर फळ्यावर कसे दाखवायचे?

निपाणीकर_वाचक

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा 'जमीन आणि कसणारा' हा विषय घेतलाय. त्यातले एक व्याख्यान अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या डॅनियल फ्रीमनवर आहे. होमस्टेड कायदा म्हणजे सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसली की 160 एकरांपर्यंत मालकीची करून देणारा कायदा; त्याखालचा अर्ज नंबर 1 त्याचाच. श्रोते म्हणजे चिकोडी-निपाणीकडचे शेतकरी, दोन-चार निवृत्त तलाठी आणि हायस्कूलची मुले. जमिनीचा उतारा सगळ्यांना वाचता येतो, अमेरिकन दाखला कुणालाच नाही.

दाखल्यातले जमिनीचे वर्णन असे आहे: वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा, वायव्य चौथाईची ईशान्य चौथाई आणि ईशान्य चौथाईची नैर्ऋत्य चौथाई, सेक्शन 26, टाउनशिप 4 उत्तर, रेंज 5 पूर्व, 160 एकर. हे फळ्यावर काढायचे कसे? 'पाच वर्षे राहिला' हे कोण, कशावरून ठरवायचे? आणि त्याच्या घरच्या माणसांची माहिती कुठल्या कागदातून काढावी? मध्यरात्री कचेरी उघडायला लावून त्याने अर्ज भरला अशी एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ती सांगावी की नको?

बांधहद्द

वर्णन शेपटाकडून वाचा, म्हणजे गोंधळ होत नाही. आधी रेंज-टाउनशिप, मग सेक्शन, सगळ्यात शेवटी चौथाया.

नेब्रास्काची आडवी पायारेषा म्हणजे कॅन्ससची हद्द, 40 अंश उत्तर अक्षांश. उभी रेषा म्हणजे त्यांचे सहावे प्रमुख रेखावृत्त. टाउनशिप 6 मैल बाय 6 मैलांची. 'टाउनशिप 4 उत्तर' म्हणजे पायारेषेपासून 18 ते 24 मैलांचा पट्टा, आणि 'रेंज 5 पूर्व' म्हणजे उभ्या रेषेपासून 24 ते 30 मैल. त्या चौकटीत एकेक मैलाचे 36 सेक्शन. त्यांचे नंबर शेत नांगरल्यासारखे पडतात: ईशान्य कोपऱ्यातून 1 सुरू, डावीकडे 6 पर्यंत, मग खाली उतरून उजवीकडे 7 ते 12, पुन्हा डावीकडे. सगळ्या ओळी डावीकडून लिहिल्या की 26 नंबर भलत्याच जागी जातो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. खरा 26 वरून पाचव्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा.

फळ्यावर तो सेक्शन 24 इंच चौरस काढा आणि त्यात 6 इंचांची 16 घरे पाडा. उत्तर वर. प्रत्येक घर 40 एकरांचे. आता वरून दुसऱ्या ओळीतली डावीकडची तीन घरे रंगवा आणि पहिल्या ओळीतले डावीकडून दुसरे. उलटा टी दिसेल. हीच फ्रीमनची जमीन, आणि कब क्रीक नावाचा ओढा तिच्यातूनच जातो. चौकोनी 160 एकर न घेता चार तुकडे असे जोडून घ्यायची कायद्यात मुभा होती, फक्त ते एकमेकांना लागून हवेत.

तलाठी मंडळींसाठी एक गंमत आहे. आपल्या जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, 16 आण्यांची, आणि साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. अमेरिकन मोजणीदाराची साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची, म्हणजे बरोबर आपल्या दुप्पट. 40 एकरांच्या घराची बाजू 1320 फूट, आपल्या 40 साखळ्या. 40 गुणिले 40 म्हणजे 1600 गुंठे. चार घरांचे 6400 गुंठे. हिशेब फळ्यावरच जुळवून दाखवता येतो.

एक फरक मात्र सांगाच. आपला सर्व्हे नंबर बांध, नाला, वहिवाट बघून पडला. तिकडे जमीन घेणारे यायच्या आधीच ओढ्या-टेकड्यांवरून सरळ रेघा मारल्या गेल्या. पोटखराब वजा करायची पद्धतच नाही, ओढ्याचे पात्रही 160 एकरांत मोजलेले.

कागद_बोलतो

पाच वर्षांच्या पुराव्याबद्दल.

कायद्यावर लिंकनची सही 20 मे 1862 ची, अंमल 1 जानेवारी 1863 पासून. अर्जदार कुटुंबप्रमुख असावा किंवा वय 21 पूर्ण असावे. नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने लेखी जाहीर केलेला असावा. आणि सरकारविरुद्ध त्याने शस्त्र उचललेले नसावे. एकट्या आणि विधवा बायकांनाही अर्ज करता येत होता, नवरा असलेल्या बाईला साधारणपणे नाही. खर्च 18 डॉलर: अर्जावेळी 10 आणि एजंटाचे कमिशन 2, दाखल्याच्या वेळी 6. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर, म्हणजे 160 एकरांचे 200 डॉलर मोजून जमीन लगेच नावावर करून घेण्याचीही वाट होती. फ्रीमनने ती धरली नाही.

पाच वर्षे झाली की पुढच्या दोन वर्षांत पुरावा द्यायचा. हा पुरावा म्हणजे दोन शेजाऱ्यांची शपथेवरची जबानी. आपल्याकडे कर्नाटकात 1974 नंतर कुळांनी मालकीसाठी 7 नंबरचा फॉर्म भरून भूसुधारणा न्यायमंडळापुढे शेजाऱ्यांच्या जबान्या झाल्या, त्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे चटकन कळेल. फ्रीमनच्या शेजाऱ्यांनी 1868 मध्ये लिहून दिले ते असे: घर 14 बाय 20 फुटांचे, एकमजली, काही भाग ओंडक्यांचा आणि काही फळ्यांचा; दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी फरशी, छपराला लाकडी कौले. सुमारे 35 एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली. तबेला, 100 फूट लांब मेंढ्यांची शेड, मक्याची कणगी. सफरचंदाची 40 झाडे आणि पीचची सुमारे 400.

श्रोत्यांना हा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवा. 160 पैकी 35 एकरच नांगराखाली आले होते, यावरच चर्चा रंगेल. बैलाच्या नांगराने गवताळ माळ फोडायचा म्हणजे मुळांचे जाळे एकेक पट्टा कापून उलथवायचे. पाच वर्षांत 35 एकर ही मजल काही थोडी नव्हे.

वंशवेल

घरच्या माणसांसाठी तीन प्रकारचे कागद, आणि तिन्हीत खड्डे आहेत.

पहिली जनगणना. 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचे नाव येते, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे. कुटुंबप्रमुखाशी नाते 1880 पासून लिहिले जाऊ लागले; म्हणून 1870 च्या पानावरून 'हा मुलगा, ही सून' असे ठोकून देऊ नका. 1900 मध्ये जन्माचा महिना, वर्ष, आणि आईला किती मुले झाली, किती हयात हेही मिळते. 1890 ची पाने 1921 च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. नेब्रास्कापुरती ती पोकळी 1885 च्या राज्य जनगणनेने बरीच भरते.

दुसरी होमस्टेडची फाइल. दाखल्याची प्रतिमा जनरल लँड ऑफिसच्या (सरकारी जमिनींच्या खात्याच्या) नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसते, पण तो फक्त एक कागद. अर्ज, जबान्या, पावत्या आणि परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागद फाइलमध्ये असतात, आणि ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मागवावी लागते. मागवताना अर्ज क्रमांक आणि अंतिम दाखल्याचा क्रमांक यांची गल्लत होते. फ्रीमनचे दोन्ही 1 आहेत म्हणून चालून जाते. इतरांचे वेगळे असतात, कारण मधेच जमीन सोडून गेलेल्यांचे अर्ज रद्द व्हायचे. तारखाही बघा: अर्ज 1863, पुरावा 1868, पेटंट (म्हणजे मालकीचा सरकारी दाखला) 1869. पेटंटचे साल हे वस्तीचे साल धरले की अख्खे कुटुंब सहा वर्षे उशिरा येऊन बसते.

तिसरी लग्नाची नोंद आणि थडग्यावरचा मजकूर. फ्रीमन 1826 मध्ये ओहायोत जन्मला. 1865 मध्ये आयोवातल्या अ‍ॅग्नेस सूटरशी त्याचे लग्न झाले. तिचे लग्न आधी त्याच्या भावाशी ठरले होते, तो यादवी युद्धात मरण पावला. डॅनियल 1908 मध्ये वारला, अ‍ॅग्नेस 1931 मध्ये. म्हणजे 1863 च्या अर्जाच्या वेळी ती त्या जमिनीवर नव्हतीच. 'नवराबायको दोघे बैलगाडीतून आले' असे चित्र काढू नका.

मध्यरात्रीची गोष्ट कौटुंबिक आठवण म्हणून सांगा, कागदोपत्री पुरावा म्हणून नको. कागदावर इतकेच आहे: ब्राउनव्हिल कचेरी, 1 जानेवारी 1863, क्रमांक 1. त्याच दिवशी देशभरात आणखी 417 जणांनी अर्ज भरले होते.

निपाणीकर_वाचक

सगळ्यांचे आभार. फळ्याचा नकाशा आज वहीत काढून बघितला, टी बरोबर आला. एकच शंका: होमस्टेडर या शब्दाला मराठीत 'कूळ' म्हणावे का? की 'इनामदार'?

बांधहद्द

दोन्ही नको. कूळ म्हटले की वर मालक आला, आणि इनाम चाकरीबद्दल किंवा मर्जीने मिळते. इथे माणूस थेट सरकारकडून, अटी पाळून जमीन घेतो. 'होमस्टेडर' असेच ठेवा आणि एकदा 'अटीवर जमीन घेऊन वसणारा' असा खुलासा करा.

'पडीक जमीन' हा शब्दही टाळा. तो मुलूख ओटो आणि मिसुरिया लोकांचा होता. 1854 च्या तहाने तो सरकारने घेतला आणि त्यांना बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात ढकलले. फ्रीमन नांगरत होता तेव्हा ते तिथून दक्षिणेला काही मैलांवरच होते. 1881 मध्ये त्यांना तिथूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात नेले. नकाशात तो पट्टाही दाखवा, सेक्शनच्या खाली फळ्यावर जागा उरतेच.

वंशवेल

आणि मुलांसाठी शाळेचा मुद्दा विसरू नका. गावच्या शाळेत बाई बायबल वाचून प्रार्थना घेत होत्या, त्याविरुद्ध हाच फ्रीमन कोर्टात गेला आणि 1902 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तेव्हा त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती. त्याची जमीन 1936 मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली, 2021 पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणतात, आणि ज्या विटांच्या शाळेवरून खटला झाला ती इमारतही त्याच उद्यानात जपली आहे.