विषय: यॉर्क मिन्स्टरच्या काचांसाठी निधी, पत्रकाचा मसुदा

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातून इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलच्या मध्ययुगीन रंगीत काचांच्या जतनाला हातभार लावायचा, हे बैठकीत ठरलंच आहे. तीन गोष्टी लटकल्यात. देणगी तिकिटातच धरायची की वेगळी घ्यायची? रॅफल (बक्षिसांची सोडत) ठेवायची का? आणि पत्रकावर ‘एक तावदान दत्तक घ्या’ असं लिहायचं का? गुरुवारपर्यंत कळवा, शुक्रवारी पत्रक छपाईला जातंय.

प्रेषक: खजिनदार

आधी पैशाचं बोलतो, काचेचं ताई सांगतील.

‘तिकीट २५ पौंड, त्यातले १० मिन्स्टरला’ असं छापू नका. जे दिल्याशिवाय दारातून आत येता येत नाही ती देणगी नव्हे, तो प्रवेशाचा दर. त्यावर गिफ्ट एड (करदात्याच्या देणगीवर सरकार संस्थेला देतं ती भर) मिळत नाही. हॉल आणि जेवणाचा खर्च भागेल एवढंच तिकीट ठेवा, समजा १५ पौंड. फॉर्मवर त्याखाली ‘ऐच्छिक देणगी’ अशी रिकामी चौकट आणि शेजारी स्पष्ट ओळ: ‘देणगी न देताही प्रवेश आहे.’ ही ओळ गळली की सगळंच गळतं.

गिफ्ट एडचा हिशेब सोपा आहे. १०० पौंड दिले की संस्थेला सरकारकडून आणखी २५ मिळतात. देणारा प्राप्तिकराच्या ४० टक्क्यांच्या पट्टीत असेल तर त्याला स्वतःच्या करातून २५ पौंड परत मागता येतात. पण देणाऱ्याने त्या वर्षी इथे तेवढा प्राप्तिकर किंवा भांडवली नफ्यावरचा कर भरलेला हवा, आणि घोषणापत्रावर नाव व घरचा पत्ता हवा. आपल्याकडे घोळ होतो तो नेहमीच्या चार जागी. व्हिसावर आलेले आईबाबा कौतुकाने ५० पौंड देतात आणि घोषणापत्रावर मुलगा सही करतो; पैसे ज्याचे, घोषणा त्याचीच, आणि आईबाबा इथे कर भरत नाहीत. स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कॉन्ट्रॅक्टिंग करणारे कंपनीच्या खात्यातून पाठवतात. त्यावर गिफ्ट एड नाही, कंपनीने ती रक्कम आपल्या कॉर्पोरेशन टॅक्समध्ये दाखवायची. नवरा-बायकोच्या जोडखात्यातून रक्कम येते. देणगी नक्की कोणाची, ते लिहून घ्यावं लागतं. आणि चौथी जागा सगळ्यात वाईट: व्हॉट्सॲप गटावर दहा जणांनी एकाच्या खात्यात जमा करायचे आणि त्याने एकरकमी पाठवायचे. मग नऊ जणांच्या देणगीचा माग उरत नाही. कृपया कोणीही ‘माझ्याकडे द्या, मी भरतो’ करू नका.

आईबाबांचे पैसे वाया जात नाहीत. पेटीत रोख टाकलेल्या किंवा कार्ड टेकवून दिलेल्या, प्रत्येकी ३० पौंडांपर्यंतच्या देणगीवर घोषणापत्राशिवाय तेवढीच भर मिळते. लहान देणग्यांची वेगळी योजना आहे. वर्षाला एकूण ८,००० पौंडांपर्यंत, आणि त्या संस्थेने त्याच वर्षी मागितलेल्या गिफ्ट एडच्या देणग्यांच्या दहा पटींपर्यंत. कार्ड यंत्रात घालून पिन दाबला, किंवा बँकेतून पाठवले, की ही सवलत नाही. पेटीवर मिन्स्टरच्या निधीचं नाव असेल तर दावा त्यांचा, आपलं असेल तर आपला. दोन्हीकडून नाही.

माझं मत: देणग्या थेट यॉर्क मिन्स्टर फंडाकडेच (मिन्स्टरच्या जतनासाठी पैसे जमवणारी संस्था) जाव्यात, त्यांच्याच फॉर्मवर. मंडळाच्या घटनेत आपला उद्देश मराठी भाषा आणि संस्कृतीचा आहे. चर्चच्या खिडकीवर मंडळाच्या गंगाजळीतून खर्च केला तर उद्या कोणीही सभासद बोट ठेवू शकतो, आणि तो बरोबर असेल.

रॅफल ठेवा. कार्यक्रमातच तिकिटं विकली तर परवाना किंवा नोंदणी लागत नाही. जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा आणि इतर खर्चावर १०० पेक्षा जास्त काढायचे नाहीत. कोणी पैठणी किंवा चांदीचा दिवा बक्षीस म्हणून दिला तर तो या ५०० त मोजत नाहीत. आधी आठवडाभर गटावर तिकिटं विकायची असतील तर मात्र प्रकार बदलतो, स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागते. रॅफलच्या पैशावर गिफ्ट एड कुठल्याच परिस्थितीत नाही, म्हणून तो हिशेब वेगळ्या पाकिटात.

आणि ४० पौंड देणाऱ्याला १२ पौंडांचं ताट मोफत देऊ नका. १०० पौंडांपर्यंतच्या देणगीवर परतभेट चतुर्थांशाच्या आत हवी, म्हणजे इथे १०. दोन पौंडांच्या श्रीखंडापायी दहा पौंडांची भर जाते.

प्रेषक: काचकाम करणारी सभासद

‘तावदान दत्तक’ लिहू नका. कारण लांबलचक आहे, पण पत्रकाची भाषा त्यावरच अवलंबून आहे.

मिन्स्टरची पूर्वेकडची मोठी खिडकी सगळ्यांनी पाहिली असेल. कॉव्हेन्ट्रीच्या जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली, मजुरी एकूण ५६ पौंड, त्यातले १० वेळेत पुरी केल्याबद्दल. आकाराने टेनिसच्या मैदानाएवढी, ३११ तावदानं. २००८ साली ती उतरवली आणि शेवटचं तावदान परत बसलं २०१८ च्या जानेवारीत. दगडकाम धरून खर्च सुमारे १ कोटी १५ लाख पौंड. कोणीतरी हे ३११ ने भागून ‘एक तावदान ३७ हजार’ म्हणेल. फसवा भागाकार आहे. परांची, दगडातल्या खाचा, नोंदी, बाहेरची नवी काच हे सगळं त्यात आलं आणि ते तावदानागणिक विभागता येत नाही.

बिघडतं काय, ते आधी. मध्ययुगीन काच लाकडाच्या राखेतल्या पोटॅशवर केलेली असते. आपल्या बाटलीच्या काचेसारखी ती पाण्याला दाद न देणारी नाही. पृष्ठभागावर पाणी बसलं की पोटॅशियम आणि कॅल्शियम सुटत जातं, हवेतल्या गंधकाशी मिळून जिप्समची पांढरी खपली धरते, आणि खपलीखाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. काच हातात धरून उजेडाकडे तिरपी केली की बाहेरची बाजू देवीच्या व्रणांसारखी दिसते. पण खरं नुकसान आतल्या बाजूचं. चेहरे, केस, वस्त्राच्या चुण्या ज्या काळपट रंगाने काढलेल्या असतात, तो काचेची पूड आणि धातूची भस्मं भट्टीत भाजून बसवलेला असतो, आणि तो बहुतेक आतल्या बाजूला असतो. थंड काचेवर गर्दीच्या श्वासाचं दव धरतं, ओघळतं आणि रेष न्‌ रेष सैल करतं. एकदा गेलेली रेष परत येत नाही. ती नव्याने रंगवणं म्हणजे जतन नव्हे.

उपाय असा. जुन्या काचेच्या मूळ खाचेत, दगडात, नवी काच बसवतात. तीच आता ऊन-पाऊस झेलते. जुनं तावदान काशाच्या चौकटीत घालून काही सेंटीमीटर आत टांगतात. खाली आणि वर फट ठेवतात, म्हणजे चर्चमधली हवा मधल्या जागेतून फिरते आणि जुन्या काचेच्या दोन्ही अंगांना तापमान जवळपास सारखं राहतं. दव धरलंच तर नव्या काचेवर धरतं आणि तळाच्या शिशाच्या पन्हळीत उतरतं. पूर्वेच्या खिडकीला बव्हेरियातल्या लाम्बर्ट्स कारखान्याची, अतिनील किरण अडवणारी काच वापरली. त्याचं कारण सौंदर्य नाही. तुटलेले तुकडे कडेला कड लावून इपॉक्सी या चिकट राळेने जोडतात, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळा पडतो, ठिसूळ होतो.

यातही चुका होतात. मधली जागा अरुंद ठेवली तर हवा फिरत नाही. खालची फट धुळीने, कोळिष्टकांनी बुजली की सगळी योजनाच उलटते, दव पुन्हा जुन्या काचेवर. चौकटीच्या कडेने उजेडाची रेघ फुटली तर चित्राचा गडदपणा जातो. तिथे शिशाची पातळ पट्टी वाकवून बसवतात. आणि बाहेरच्या काचेतल्या शिशाच्या रेषा (काचेचे तुकडे बांधणाऱ्या पट्ट्या) आतल्या रेषांशी जुळल्या नाहीत तर ऊन तिरपं असताना चित्रावर दुसरीच सावली पडते. म्हणून बाहेरच्या काचेचा आराखडा आतल्या चित्रावरून काढायचा.

बाकीचं काम लोकांना ठाऊक असतं, निदान कल्पना असते. तावदान उतरवलं की दोन्ही बाजूंनी छायाचित्रं, शिशाच्या पट्ट्यांचं कागदावर घासून छाप घेणं, मग प्रत्येक पट्टीच्या वयाची नोंद. जुन्या डागडुजीत चेहऱ्यावरून आडव्या गेलेल्या पट्ट्या काढून टाकतात आणि दोन्ही कडा चिकटवतात. सफाई म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कुंचला, आयनमुक्त पाण्याचे बोळे, खपलीला स्काल्पेल, म्हणजे शस्त्रक्रियेची बारीक सुरी. रंग सैल आहे तिथे बोळाही नको. आम्ल आणि काचतंतूंच्या ब्रशने पूर्वी जिथे ‘झळाळी’ आणली गेली, तिथे रंगही गेला. मग नव्या शिशात बांधणी, सांध्यांना कथील-शिशाचा डाख, आणि शिशाखाली खडूची भुकटी आणि जवसाचं तेल घालून केलेली लांबी (पुट्टी). लांबी ओली असताना तावदान उभं केलं की खाली सरकते, म्हणून ते आडवं ठेवावं लागतं.

शिसं वेळच्या वेळी बदलायला पैसे का हवेत, याचं उत्तर मिन्स्टरमध्येच आहे. ९ जुलै १९८४ च्या आगीत दक्षिणेकडच्या गोल गुलाबखिडकीच्या काचेला सुमारे ४०,००० तडे गेले, पण खिडकी खाली आली नाही. १९७० च्या सुमारास तिचं शिसं नवं घातलेलं होतं.

आता आपला प्रश्न. देणगीदारांना चेहरे आवडतात. सफाईआधीचं आणि नंतरचं छायाचित्र दाखवलं की पाकिटं उघडतात, त्यामुळे सफाईला पैसे मिळतात. बाहेरची काच, चौकटी, परांची, नोंदी यांना कोणी नाव घालत नाही, आणि काचेचं आयुष्य तर त्यांनीच वाढतं. साफ केलेली काच संरक्षणाशिवाय परत बसवली तर पुढच्या पिढीला तीच वर्गणी काढावी लागेल. तेव्हा पत्रकात ‘संरक्षक काच’ असं स्पष्ट म्हणा.

प्रेषक: एक सभासद

सगळं मान्य. पण मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही इंग्लंडमधल्या विल्यम वेल्सच्या कारखान्याच्या काचा आहेत आणि खारी हवा तिथे जास्त. आपण मराठी मंडळ असून यॉर्क कशाला? निम्मे इकडे, निम्मे तिकडे करू.

प्रेषक: खजिनदार

प्रश्न रास्त आहे, ‘निम्मे’ मात्र जमणार नाही. मंडळ इथे नोंदलेलं आहे म्हणजे भारताच्या कायद्याने ते परदेशी स्रोत, सगळे सभासद भारतीय पासपोर्टवाले असले तरी. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरायला हवेत. एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही तेव्हापासून बंद. ओळखीच्या ट्रस्टमार्फत पाठवू, असं सुचवण्याआधी हे वाचा.

व्यक्तीचं वेगळं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ती परदेशी देणगी ठरत नाही. ओसीआय कार्डवाल्याची (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची) ठरते. म्हणजे आपल्यातले अर्धे पाठवू शकतात, अर्धे सहजी नाही. ज्यांना पाठवायचंय त्यांनी स्वतंत्रपणे पाठवावं. पत्रकात मिसळू नका.

प्रेषक: सचिव

कळलं. मसुदा असा: ‘यॉर्क मिन्स्टरच्या सेंट कथबर्ट खिडकीच्या संरक्षक काचेसाठी देणगी द्या. देणगी थेट यॉर्क मिन्स्टर फंडाकडे जाते. देणगी न देताही प्रवेश आहे.’ चालेल?

प्रेषक: काचकाम करणारी सभासद

खिडकीचं नाव काढा. ती १४४० च्या सुमाराची आहे, सुंदर आहे, २०२१ मध्ये उतरवायला घेतली. पण नाव घातलं की पैसा तिलाच बांधला जातो, आणि तिची गरज आधीच भागली असेल तर आपली रक्कम अडकून बसते. ‘मिन्स्टरच्या मध्ययुगीन काचांच्या संरक्षणासाठी, ही गरज भागल्यास तिथल्याच काचकामाच्या इतर जतनासाठी’ असं लिहा. फंडाकडून ही ओळ आधी लेखी मान्य करून घ्या. कॅथीड्रलचं काम त्यांच्या फॅब्रिक समितीच्या (इमारतीच्या जतनावर देखरेख करणारी समिती) मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे कुठलं काम कधी, हे आपल्याला छापता येणार नाही.

प्रेषक: खजिनदार

वरची ओळ मंजूर. सचिवांनी फंडाला आजच मेल करावा, उत्तर येईपर्यंत छपाई थांबवा. कार्ड टेकवायचं यंत्र फंडाकडूनच मागू, म्हणजे पैसे सरळ त्यांच्या खात्यात. त्याची रक्कम आधीच ५ आणि १० वर लावून ठेवा. मोकळी सोडली की लोक ३५ टाकतात आणि ३० ची मर्यादा ओलांडतात. दारावर दोन पेट्या, एक रॅफलची, एक देणगीची, वेगळ्या रंगाच्या. मोजायला दोघं जण, सही दोघांची, त्याच रात्री.