२०० युनिट वीज फुकट, मग बिल का?

एका ताईंनी विचारलंय, '२०० युनिट माफ म्हणतात, मग १२० युनिटांचं बिल कसं आलं?' ताई, २०० ही वरची मर्यादा आहे, तुमचा वाटा नव्हे. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, २०२२-२३ मधल्या वापराची मासिक सरासरी धरून त्यावर १० टक्के (सरासरी ४८ पेक्षा कमी असेल तर १० युनिट) वाढवून दिलेत. सरासरी ९० असेल तर ९९ युनिट माफ, उरलेल्या २१ चे पैसे भरायचे. आणि २०१ झाले की सगळंच बिल आपल्या माथी! म्हणजे तेव्हा ज्यांनी काटकसर केली, त्यांचाच वाटा कमी. हे मला अजून पटलेलं नाही.

बेळगावच्या शहापूर, वडगावात भाड्याने राहणाऱ्यांनी एवढं बघा: भाडेकरूलाही सवलत मिळते, पण घर बदललं की जुन्या मीटरवरून आधार जोडणी काढून नव्यावर करावी लागते. जुना वापर नोंदलेला नसेल तर राज्याची सरासरी ५३ अधिक १० टक्के, म्हणजे ५८ युनिट धरतात. बिल कन्नडमध्ये असतं, आमच्या आईला शेजारची कॉलेजची पोरगी वाचून दाखवते.

गॅस सिलिंडरचं मात्र या योजनेत काहीच नाही. गृहलक्ष्मीचे, म्हणजे सरकार घरच्या कर्त्या बाईला महिन्याला देतं ते २००० आले की निम्मे तिकडेच जातात.