मेलबर्न: पहिली पाच वर्षं इंटरेस्ट-ओन्ली होम लोन घ्यावं का?

टार्नेटकर
नमस्कार मंडळी. टार्नेटला घर घेतोय, कर्ज सहा लाख डॉलर. ब्रोकर म्हणतो, पहिली 5 वर्षं नुसतं व्याज भरा. तीन-चार वर्षांत मुलीच्या शाळेसाठी दुसरीकडे राहायला जाऊ, तेव्हा हे घर भाड्याने द्यायचं आहे. बायको म्हणते, मुद्दल तसंच राहणार तर फेडतोय काय आपण? कुणी घेतलंय का?

हिशेबी_काकू
प्रश्न वहिनींचाच बरोबर आहे. पण तुम्ही घर भाड्याने देणार, त्यामुळे ब्रोकरही चूक नाही.

6 टक्के दर धरा. नुसतं व्याज महिना 3,000. मुद्दलासकट 30 वर्षांचा हप्ता साधारण 3,597. म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास हातात राहतात. ते खर्च करायचे नाहीत, ऑफसेट खात्यात टाकायचे, म्हणजे कर्जाला जोडलेल्या बचत खात्यात; त्यातली शिल्लक वजा करूनच बँक व्याज लावते. समजा तिथे 60 हजार साठले, तर व्याज 5 लाख 40 हजारांवरच लागतं. मुद्दल फेडल्याइतकीच बचत, आणि पैसा तुमच्या हातात.

खरी गंमत घर बदलताना. ऑफसेटमधले 60 हजार काढून नव्या घराच्या डिपॉझिटला लावा. जुनं कर्ज पूर्ण सहा लाखच आहे, ते त्याच घरासाठी काढलेलं, त्यामुळे भाडं सुरू झालं की टॅक्ससाठी त्याचं सगळं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं. हेच 60 हजार कर्जात भरून नंतर रीड्रॉ केले असते, म्हणजे जादा भरलेले पैसे कर्जातून परत काढले असते, तर ते नव्या राहत्या घरासाठी काढलेले ठरले असते. टॅक्स ऑफिस पैसा कशासाठी वापरला ते बघतं, तारण कुठलं ते नाही. वर्षाला 3,600 डॉलरच्या व्याजाची वजावट गेली म्हणून समजा.

पुणेरी_पाहुणा
आमच्याकडे बांधकाम चालू असताना प्री-ईएमआय भरतात, तेच ना हे?

हिशेबी_काकू
नाही हो. तिथे बँक बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि ताबा मिळेपर्यंत दिलेल्या रकमेवरच व्याज घेते. इथे घर ताब्यात, कर्ज पूर्ण उचललेलं.

दर_वाढला
काकू, पाच वर्षांनंतरचंही सांगा की! तेच सहा लाख 25 वर्षांत फेडायचे, 6 टक्क्यांनीच हप्ता 3,866. महिन्याला 866 ची उडी. ऑफसेट रिकामं राहिलं तर एकूण व्याज जवळपास 45 हजार जास्त. शिवाय आयओचा (इंटरेस्ट-ओन्लीचा) दर बहुतेक ठिकाणी थोडा चढाच असतो. नुसत्या व्याजाची मुदत वाढवून मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नका. 2017 मध्ये एप्राने (इथल्या बँकांच्या नियामकाने) नव्या गृहकर्जांत आयओचा वाटा 30 टक्क्यांवर रोखला, तेव्हा बँकांनी हात आखडता घेतला होता. ती मर्यादा नंतर उठली, पण वाढीव मुदत आजही बँकेच्या मर्जीवर.

टार्नेटकर
धन्यवाद. आयओ घेतलं तर कर्ज जास्त मिळतं का? ब्रोकर तसं काहीसं म्हणाला.

दर_वाढला
उलट. बँक ऐपत मोजते ती उरलेल्या 25 वर्षांच्या हप्त्यावर, तीही व्याजदर 3 टक्क्यांनी वाढवून, म्हणजे 6 चे 9 धरून. ब्रोकरला पुन्हा नीट विचारा.

हिशेबी_काकू
आणि ऑफसेट खरंच आहे ना, की नुसतं रीड्रॉ, हे कागदावर बघूनच सही करा. काही स्वस्त पॅकेजेसमध्ये ऑफसेट नसतंच. ते नसेल तर मी म्हणेन साधं मुद्दल-व्याजाचं घ्या. सहाशे डॉलर दर महिन्याला बाजूला टाकणं जमणार नसेल तरीही तेच.

टार्नेटकर
बायकोला धागा दाखवला. ऑफसेट खातं तिच्या ताब्यात असेल तरच आयओ, म्हणते.