मदत हवी आहे: एसी सकाळी चिल्ड, दुपारी गरम हवा. मेकॅनिक म्हणे कॉम्प्रेसर बदला

वर्धारोडकर
भाऊ लोक, लवकर सांगा कोणी. सकाळी ऑफिसला निघतो तेव्हा एसी मस्त थंड, दुपारी त्याच गाडीत बसलो की वीस-पंचवीस मिनिटात गरम हवा मारायला लागते. बाहेर ४५ आहे, पोरगी मागच्या सीटवर लालेलाल होऊन बसते. गॅस दोनदा भरून झाला, फरक शून्य. काल एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून पाच मिनिटं पाह्यलं अन् म्हणे कॉम्प्रेसर गेला, बावीस हजार. अरे गेला तं सकाळी कसा चालते? नवतपा (मे अखेरचे ते नऊ तापते दिवस) लागायच्या आधी काही तरी करायचं आहे. काय असू शकते?

तर्रीवाला
गाडी कोणती? साल? किती चालली? "गाडीचा एसी" म्हणजे काय समजायचं आम्ही.

वर्धारोडकर
२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९६ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम नाही टाकत, मागच्या वेळेस टाकलं तं चाळीस प्रतिसाद तिच्या मायलेजवरच आले होते.

गॅसभाई
गॅसच कमी आहे. माझंही असंच होत होतं, गॅस भरला, झालं बरोबर.

वर्धारोडकर
दोनदा भरला लिहिलंय ना वर.

गॅसभाई
भरणाऱ्यानं बरोबर भरला नसेल. प्रेशर किती होतं ते सांगा. गाडी बंद असताना या उन्हात गेजचे दोन्ही काटे १४०-१५० पीएसआयच्या (प्रेशरचं माप) आसपास पाहिजे.

रिटायर्ड_फिटर
बंद गाडीचं प्रेशर पाहून गॅस पुरेसा आहे की नाही ते कळत नाही. आत थोडा जरी लिक्विड गॅस शिल्लक असला तरी काटा बाहेरच्या तापमानाप्रमाणेच उभा राहतो, मग आत शंभर ग्रॅम असो की चारशे. म्हणून सगळा काढून वजनावर भरतात. पण माझं लक्ष गॅसकडे नाही. मला एवढंच सांगा, गरम हवा येते तेव्हा कॉम्प्रेसरच्या पुलीसमोरची प्लेट फिरत असते की नुसती पुली फिरते अन् प्लेट थांबलेली असते? हात घालू नका, लांबून पाहा.

फुटाळा_रायडर
कंडेन्सरचा (समोरची गॅस थंड करणारी जाळी) फॅन बंद पडला असेल. ट्रॅफिकमध्ये प्रेशर वाढते, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकते. माझ्या भावाच्या गाडीत हेच निघालं, सिग्नलवर थांबला की गरम, हायवेला गेला की थंड.

वर्धारोडकर
नाही ना, मी बुटीबोरीला जातो रोज, ऐंशीच्या स्पीडला पण बंद होते. फॅन फिरतो, पाह्यलं आहे. काका, प्लेटचं आज दुपारी पाहून सांगतो.

धंतोलीची_काकू
काचांना काळी फिल्म लावा, अर्धी गरमी तिथंच थांबते.

तर्रीवाला
काकू, त्यावर २०१२ लाच सुप्रीम कोर्टानं बंदी आणली. चौकात चालान फाडतील.

धंतोलीची_काकू
मग गमछा लावा काचेला. आमच्या घरी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या उरल्या आहेत, कोणाला पाहिजे का? अन् कूलरची मोटर घुं घुं करते पण पाणी चढवत नाही, ते कोणी सांगाल?

वर्धारोडकर
काका पाह्यलं. पुली फिरते, प्लेट एकदम थांबलेली. सकाळी एसी लावला की टक आवाज येतो, दुपारी येत नाही. अजून एक, अर्धा तास सावलीत उभी केली की आपोआप परत चालू होते. हे अगोदर सांगायला पाहिजे होतं का?

रिटायर्ड_फिटर
हेच तं पहिल्या ओळीत पाहिजे होतं! कॉम्प्रेसर चांगला दिसतो, मॅग्नेट क्लचचं प्रकरण आहे. पुली बेल्टवर कायम फिरतच असते. एसी लावला की तिच्यामागच्या कॉइलला बॅटरीचा करंट जातो, चुंबक तयार होतो, प्लेट खेचून पुलीला चिकटते, तोच तुमचा टक. प्लेट घासत जाते अन् मधला गॅप वाढत जातो. इंजिन तापलं की कॉइलची तांब्याची तार पण तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, चुंबक ढिला पडतो. थंडीत तेवढ्याच गॅपवर प्लेट खेचली जाते, गरमीत जात नाही.

गॅसभाई
रिले (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) पण असू शकते. शंभर-दीडशेचं काम, आधी ते बदला.

रिटायर्ड_फिटर
असू शकते, म्हणून तं तपासायचं. बंद पडल्यावर कॉइलच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावा. व्होल्टेज येतच नसेल तर रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, तिकडे जा. साडेबारा-तेरा येत असून प्लेट खेचत नसेल तर गॅप नाहीतर कॉइल. दहा-अकराच येत असेल तर वायरिंग किंवा अर्थिंग. मग इंजिन बंद करून, गरम आहे तोवरच, बॅटरीतून दहा अँपिअरच्या फ्यूजची वायर थेट कॉइलला द्या. टक नाही झाला तर लाकडाच्या पट्टीनं प्लेट पुलीकडे दाबा. दाबल्यावर चिकटून राहिली तर गॅपच आहे.

फुटाळा_रायडर
चालू इंजिनवर पण दाबून पाहता येते, आमचा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरनं करते.

रिटायर्ड_फिटर
अन् माझ्या ओळखीच्या एका पोराचं बोट गेलं त्याच्यात. चालू इंजिनवर कोणी काही दाबायचं नाही.

हिंगण्याचा_गडी
माझ्या गाडीच्या कॉम्प्रेसरला क्लचच नाही, कायम फिरतो, कंप्युटर आतून कमीजास्त करते. तुमच्यात पण तसंच असेल तर?

तर्रीवाला
बे टक आवाज येते म्हणतोय ना तो.

वर्धारोडकर
रविवारी केलं. कॉइल थंड असताना ३.६ ओम, गरम झाल्यावर ४.७. बंद पडल्यावर कनेक्टरवर १३.४ व्होल्ट. थेट वायर दिली, काही नाही. झाडूच्या दांड्यानं प्लेट दाबली अन् फटकन चिकटली! बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणे बरं, आता जेवायला या. फीलर गेजनं (फटीत घालून मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप तीन ठिकाणी मोजला, ०.९ पासून १ मिमी.

रिटायर्ड_फिटर
बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ च्या मध्ये पाहिजे, तुमच्या मॅन्युअलचा आकडा खरा धरा. मधला बोल्ट काढा, प्लेट निघेल, शाफ्टवर पातळ वायसर असतील, त्यातला एक कमी करा. गॅसला हात लावायची गरज नाही. फार कमी गॅप ठेवू नका, नाहीतर एसी बंद असताना पण प्लेट पुलीला घासत राहील.

फुटाळा_रायडर
वायसर काढणं म्हणजे जुगाड आहे. सरळ नवीन क्लच सेट टाका, पुली-बेअरिंग सगळं नवीन.

रिटायर्ड_फिटर
वायसर कंपनीनं गॅप बसवायलाच दिले असतात, जुगाड कसला? काढायला वायसर उरलेच नसते, कॉइल जळली असती किंवा बेअरिंग खरखरत असतं, तर मीच क्लच बदला म्हटलं असतं.

वर्धारोडकर
दोन वायसर होते. जाड काढला, आता ०.४५. प्लेटच्या मागे वर्तुळात निळसर डाग आहेत. आज दुपारी तीनला बुटीबोरी जाऊन आलो, एकदाही बंद नाही पडला. खर्च फीलर गेजचा. ते निळं काय आहे?

रिटायर्ड_फिटर
प्लेट घसरून तापली होती, त्याचा रंग. हा उन्हाळा निघेल. दिवाळीत परत मोजा, गॅप पुन्हा वाढला तर तेव्हा क्लच टाका, कॉम्प्रेसर नको. एसी बंद ठेवून पुली खरखर करते का तेही ऐका.

काकू, मोटरची जाळी काढून पंखा बोटानं फिरवून पाहा, प्लग काढून मात्र. चुना बसला असेल.

धंतोलीची_काकू
जाळी निघतच नाही हो भाऊ.