नागपूरच्या उन्हात गाडीला हाताने वॅक्स की सिरॅमिक कोटिंग? माझं मत वॅक्सला

खामलेकर

परवा मेहुण्यासोबत नवी गाडी बुक करायला गेलो होतो. किल्लीचं अजून नाव नाही, पण सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे पेंटवर द्रव पसरवून बसवलेल्या कडक पातळ थराचं, कोटेशन आधी हातात आलं. १८,००० रुपये, आणि वर एक वाक्य: 'पाच वर्षं गाडीकडे बघावं लागणार नाही.' माझा आक्षेप पैशांपेक्षा त्या वाक्यावर आहे. गाडीकडे बघायचंच नाही म्हटलं तर ती टिकणार कशी?

माझी गाडी आठ वर्षांची, गडद निळी, घरासमोर उघड्यावर उभी असते. वर कडूलिंब. दीड-दोन महिन्यांतून एका रविवारी सकाळी सहाला मी तिला वॅक्स करतो. मे महिन्यात साडेसातनंतर बॉनेटला हात लावायची सोय नसते, आणि तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लावलं की ते चिकटून बसतं, पुसता पुसत नाही. म्हणून पहाटेच. आधी दोन बादल्यांनी धुणं, एकीत शॅम्पू आणि एकीत साधं पाणी. मग फोमच्या पॅडवर बोटाच्या पेरभर वॅक्स आणि एका वेळी एकच पॅनल. थर इतका पातळ हवा की दिसला न दिसला. पाच-दहा मिनिटांनी बोट ओढून पाहायचं. धुरकट थर जाऊन खाली स्वच्छ रेघ उमटली की मायक्रोफायबरने पुसायचं.

या दोन तासांत हात गाडीच्या प्रत्येक इंचावरून फिरतो. गेल्या जूनच्या सुरुवातीला बॉनेटच्या कडेला मोहरीएवढा टवका हाताला लागला. डोळ्याला दिसला नव्हता. वर्धा रोडवर कधीतरी खडा उडाला असणार. त्याच दिवशी टचअपचा थेंब लावला, तेव्हा पावसाळ्यात तिथे गंज धरला नाही. हे मला कुठल्याही कोटिंगने सांगितलं नसतं.

वॅक्सचा २०० ग्रॅमचा डबा मला ८५० रुपयांना पडला, तिसरं वर्ष चालू आहे. कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे 'नागपूरच्या उन्हात वॅक्स वितळून वाहून जातं' हे काही खरं नाही.

---

बुटीबोरी अप-डाऊन

दादा, तुमची मेहनत मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही.

माझं रोज घर ते बुटीबोरी जाणं-येणं. कंपनीत गाडी दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये उभी. दोन वर्षं मीही वॅक्सच वापरलं. वितळत नसेल, पण एप्रिल-मे मध्ये तीन आठवड्यांच्या वर टिकल्याचं मी पाहिलं नाही. पाणी टाकलं की थेंब व्हायच्या ऐवजी सपाट चादर पसरायची, म्हणजे वॅक्स गेलं. याचा अर्थ उन्हाळ्यात महिन्याला एक रविवार. घरात चार वर्षांचा मुलगा, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. माझ्याकडे सकाळी सहाचे ते दोन तास नाहीत, आणि ते नाहीत म्हणून माझं गाडीवर प्रेम कमी, असंही नाही.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये कोटिंग केलं. खरा फरक पक्ष्यांच्या विष्ठेत जाणवला. उन्हात पेंट तापून थोडा नरम होतो, फुगतो. वर विष्ठा वाळते. संध्याकाळी पेंट थंड होऊन आकसतो तो त्या वाळलेल्या खपलीचा आकार धरून, शिवाय तिच्यातलं आम्ल आहेच. असे दोन डाग माझ्या जुन्या छतावर कायमचे बसले होते, वॅक्स असतानाही. कोटिंगनंतर संध्याकाळी घरी येऊन ओल्या कपड्याने उचलते. आतापर्यंत एकही खूण नाही.

---

खामलेकर

ताई, वेळेचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण विष्ठा तुम्ही त्याच संध्याकाळी उचलता, हे तुम्हीच लिहिलं आहे. श्रेय कोटिंगला किती द्यायचं आणि तुमच्या हाताला किती? तीन दिवस तशीच राहिली तर कोटिंगवरही डाग पडतो.

---

हिंगण्याचा डिटेलर

माझं हिंगणा रोडला वर्कशॉप आहे, दोन्ही कामं करून राहिलो बारा वर्षांपासून. कोटिंगमध्ये मला जास्त पैसे मिळतात हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

गिऱ्हाईक येते अन् म्हणते, भाऊ, नाइन एच पाहिजे, ओरखडा नाही पडला पाहिजे. नाइन एच ही पेन्सिलची मोजणी आहे ना जी. कडक पेन्सिलीने रेघ ओढून पाहतात, तेवढंच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा. त्याच्या खालचा कंपनीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चाळीस-पन्नास मायक्रॉन. खडा उडून येईल तर तो दोन्ही फोडून पत्र्यापर्यंत जाणार. खड्यासाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) असते, ती जाड फिल्म, पैसाही तसाच.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. १८,००० पैकी मोठा भाग कोटिंगच्या बाटलीचा नसतो, आधीच्या पॉलिशिंगचा असतो. पेंटवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं असेल ते घासून काढल्याशिवाय कोटिंग टाकलं तर जाळं खाली कायमचं बंद होते. घासताना क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन जातात. तो थर परत येत नाही. ज्याने एका दिवसात, पॉलिश न करता नव्या गाडीवर कोटिंग करून दिलं, त्याने यार्डातली धूळ अन् धुलाईचे ओरखडे तसेच झाकले, असं समजा.

अन् उन्हाळ्यात कोटिंग करू नका. बाटलीतला थेंब पॅनलवर पसरवला की तो उडायला मिनिटभर तरी द्यावं लागते, मग पुसायचं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो हात फिरवता फिरवता सुकते. मग पट्टे राहतात, इंद्रधनुष्यासारखे, अन् ते पुन्हा पॉलिश मारल्याशिवाय निघत नाही. कामाची जागा एसीवाली नसेल तर दिवाळी ते फेब्रुवारी, बस. ताईंनी डिसेंबरात केलं, म्हणून चांगलं बसलं.

---

कोराडी रोड

तुम्ही सगळे गाडीला वर काय लावायचं यावर बोलून राहिले. माझं भांडण फडक्याशी आहे.

आमच्याकडे वारा फिरला की सकाळी गाडीवर करड्या पिठासारखा थर असतो. कोराडी आणि खापरखेडा, दोन्ही वीजकेंद्रं जवळच. ही राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, बारीक पण कडक. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा मुलगा एक बादली आणि एक फडकं घेऊन चौदा गाड्या पुसतो. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. मी एकदा ते फडकं हातात घेऊन चोळून पाहिलं, चरचर करत होतं. तेच फडकं वॅक्सवरून फिरतं आणि तेच कोटिंगवरून. शेजाऱ्यांच्या काळ्या गाडीला कोटिंग करून वर्ष झालं नाही, तर रात्री पार्किंगच्या दिव्याखाली दरवाजांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात.

त्या मुलाची चूक नाही. महिन्याला गाडीमागे काही शे रुपयांत तो दुसरं काय करणार? मी त्याला दोन मायक्रोफायबर आणून दिली आणि सांगितलं, माझ्या गाडीला रोज हात लावू नको. आठवड्यातून एकदा आधी पाणी ओत, मग पूस. पैसे तेवढेच देतो. त्याला आधी वाटलं मी काम बंद करतोय. गाडीवर काय लावायचं हा प्रश्न मला याच्या नंतरचा वाटतो.

आणि धुळीच्या गाडीवर कव्हर घालणाऱ्यांनी ऐकावं. वाऱ्याने कव्हर हललं की ते दिवसभर पॉलिश पेपरचं काम करतं.

---

बुटीबोरी अप-डाऊन

फडक्याबद्दल शंभर टक्के. पण कोटिंगची एक खरी अडचण अजून कोणी लिहिली नाही, मीच लिहिते. बोअरचं पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, मग बोअर. कोटिंगवर पाणी गोल थेंब होऊन उभं राहतं आणि उन्हात तसंच सुकतं. मागे पांढरी कडी राहते, क्षारांची. कोटिंगनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात माझं पूर्ण छत ठिपक्यांनी भरलं. निम्मं पाणी निम्मं पांढरं व्हिनेगर करून सावलीत पुसलं तेव्हा निघालं, नंतर लगेच साध्या पाण्याने धुतलं. आता धुतल्यावर लगेच टॉवेलने कोरडी करते, एक मिनिटही उन्हात सोडत नाही. म्हणजे 'बघावं लागणार नाही' हे खोटं, यात दादांशी मी सहमत. पण कमी बघावं लागतं, हे खरं आहे, आणि माझ्यासारखीला तेवढं पुरतं.

---

खामलेकर

हे प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. वॅक्सवरही कडी बसते, पण पुढच्या वॅक्सला धुऊन-पुसून निघून जाते.

डिटेलर भाऊंच्या मायक्रॉनवरून एक आठवलं. बाबांची फियाट होती. तिला पॉलिश करताना फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं आणि आई ओरडायची, रंग काढताय का गाडीचा! खरंच निघत होता. तेव्हाच्या पेंटवर क्लिअर कोट नसायचा, उन्हाने मेलेला वरचा थर फडक्यावर यायचा आणि खालून ताजा रंग निघायचा. आजच्या गाडीला पॉलिश करताना फडक्यावर रंग आला तर थांबा. एकतर क्लिअर कोट संपलाय, किंवा तो भाग कोणीतरी बाहेर रंगवून घेतलाय. जुनी गाडी विकत घेताना मी कोपऱ्यात एवढं करून पाहतोच.

माझा मूळ मुद्दा मात्र तसाच आहे. क्लिअर कोट ही एकदाच मिळालेली ठेव आहे. कोटिंगच्या नावाखाली दर दोन-तीन वर्षांनी मशीन फिरवून ती कमी करायची, त्यापेक्षा मऊ मेण लावून तिला हात न लावता ठेवणं मला पटतं.

---

हिंगण्याचा डिटेलर

हे बरोबर आहे, पण अर्धं. तुम्ही हाताने नीट धुता म्हणून तुम्हाला मशीन लागत नाही. माझ्याकडे वॅक्सवाल्या गाड्याही जाळं घेऊनच येतात, चुकीच्या धुण्याने. त्यांनाही मशीन मारावंच लागते.

---

धरमपेठची नवीन गाडी

सगळं वाचलं. माझी पांढरी गाडी पंधरा दिवसांपूर्वी आली, कोटिंग घेतलं नाही. मार्च संपत आला आहे, पार्किंग झाडाखाली. आता काय करू?

---

हिंगण्याचा डिटेलर

आता वॅक्स. दिवाळीनंतर गाडी घेऊन या, माझ्याकडे नाही तर कोणाकडेही. दिव्याखाली पेंट पाहा, मग कोटिंगचं ठरवा. झाडाचा चिक पडला तर नखाने खरडू नका, कोमट पाण्याचं फडकं दोन-तीन मिनिटं ठेवा, मऊ होऊन येते.

---

बुटीबोरी अप-डाऊन

पांढऱ्या गाडीला जाळं कमी दिसतं, तेवढी सवलत आहे तुम्हाला. पण दिवाळीपर्यंत सात महिने आहेत, मधे पूर्ण नवतपा आणि पावसाळा. साध्या वॅक्सऐवजी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा पण कृत्रिम लेप, लावा, तीन-चार महिने जातो. एकदा आता, एकदा पाऊस लागायच्या आधी.

---

खामलेकर

सीलंटला माझी हरकत नाही. फक्त पहिल्यांदा स्वतः लावा. रविवारी सकाळी सहाला खामल्यात आलात तर माझ्या गाडीवर एक पॅनल तुम्हाला करायला देतो. कपडा आणू नका, माझ्याकडे धुतलेले आहेत.