‘इराणी चहा मसाला’ लिहिल्यामुळे परदेशातून आलेली रक्कम अडकली आहे का?

पंचवटी_मसाले:
नाशिकमध्ये आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. टोरांटोतील एका ग्राहकाने एका अमेरिकी पेमेंट सेवेमार्फत पैसे पाठवताना तपशिलात ‘इराणी चहा मसाला’ असे लिहिले. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण आमच्याकडे ती ‘तपासणीखाली’ दिसते आणि विचारणा केल्यास ‘आमच्या धोरणानुसार’ एवढेच उत्तर येते. ग्राहकाने लिहिलेला मजकूर वाचण्याचा आणि त्यावरून पैसे रोखण्याचा अधिकार कंपनीला आहे का?

सातपूरचा हिशेबनीस:
कारण बहुधा ‘इराणी’ हा शब्दच असावा. अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या अर्थखात्याचे निर्बंध पाळावे लागतात आणि इराण त्या यादीत आहे. अशा व्यवहारांची वेळेवर छाननी न केल्याच्या प्रकरणात पेपाल या अमेरिकी पेमेंट कंपनीला मार्च २०१५ मध्ये सुमारे ७७ लाख डॉलर भरावे लागले होते (तुमची सेवा कोणती, हे मला माहीत नाही). त्यामुळे यंत्रणा संशयित शब्द दिसताच व्यवहार थांबवते आणि माणूस नंतर पाहतो. बिल, पाकिटाचे छायाचित्र आणि कुरिअरची पावती जोडून, माल नाशिकमध्ये तयार झाला असून ‘इराणी’ हे केवळ चहाच्या प्रकाराचे नाव आहे, असे लेखी कळवा. मात्र तीच रक्कम शब्द बदलून पुन्हा पाठवायला ग्राहकाला सांगू नका. अडवलेल्या व्यवहाराचा तपशील बदलणे हे लपवाछपवीसारखे दिसते आणि मग साधा खुलासाही पटवणे अवघड जाते.

कॉलेजरोडवासी:
अधिकाराविषयी सांगायचे, तर आपल्याकडेही देखरेख हे कायदेशीर कर्तव्यच आहे. पेपाल मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली माहिती कळवण्यास बांधील आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये म्हटले, जरी तिच्यावरील दंड रद्द केला. संशयित व्यवहाराचा अहवाल दिल्यास तो दिल्याचे ग्राहकाला सांगण्यास संस्थेला मनाई असते, म्हणून काही वेळा उत्तरे मोघम येतात. तरीही ‘कोणती कागदपत्रे हवीत’ एवढे सांगायला कसली आडकाठी आहे, हे मला कळत नाही.

सातपूरचा हिशेबनीस:
बरोबर. सेवा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील असेल, तर लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास बँका व पेमेंट सेवांविरुद्धच्या तक्रारींसाठी असलेल्या तिच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते. परदेशी सेवेवर हा मार्ग चालेलच असे नाही. सीमापार पेमेंट अॅग्रिगेटरसाठी (परदेशी ग्राहकाचे पैसे व्यापाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सेवांसाठी) रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, तेव्हा पुढे तशी मान्यता असलेली सेवा निवडणे सोयीचे ठरेल.

पंचवटी_मसाले:
कागदपत्रे आजच पाठवतो. पाकिटावरचे नावही बदलावे लागेल का?

सातपूरचा हिशेबनीस:
नाही. मालाचे नाव पाकिटावर आणि बिलावर आहे तसेच राहू द्या. पुढच्या मागण्यांसाठी पेमेंटच्या तपशिलात केवळ बिल क्रमांक लिहायला ग्राहकांना सांगा.