काल रात्री दुसरी लाइन कुठे होती?

सी-३०२: काल पावणेआठ ते साडेदहा नेट बंद. गेटचं ॲप चालेना, आईंची नर्स अर्धा तास खाली उभी. आपण महिन्याला दोन लाइनींचे पैसे भरतो ना? मग दुसरी कुठे होती?

ए-१०३: मी सभेतच म्हटलं होतं. दोन बिलं कशाला?

बी-५०१: ताई, मनापासून सॉरी. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून राउटर मीच केलाय, चूक माझी. फायबरला मेट्रिक १०, दुसऱ्या लाइनीला २०. आकडा कमी ती लाइन आधी. पण केबल तुटली रस्त्यावर, खोदकामात. आपला मोडेम चालूच होता, त्यामुळे लिनक्सच्या लेखी लाइन जिवंत.

डी-२०४: खोदकामावरून आठवलं, डी विंगसमोरचा मातीचा ढीग कधी उचलणार?

चेअरमन: कृपया विषयावर राहा.

डी-२०४: डी विंगचं काही निघालं की लगेच विषय आठवतो.

ए-१०३: दोन बिलं कशाला?

बी-३०४: दोन टाक्या भरलेल्या आणि नळ कोरडा 😀

सी-३०२: मला हसू येत नाहीये. उपाय सांगा.

बी-५०१: मोडेमच्या पलीकडून उत्तर येतंय का ते बघायचं. दर ५ सेकंदांनी फायबरमधूनच १.१.१.१ आणि ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या दोन पत्त्यांना पिंग, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा निरोप. दोन्हीकडून ३ वेळा उत्तर नाही आलं की फायबरचा रूट (रस्ता) काढायचा, मग सगळं दुसऱ्या लाइनीवर जातं. पत्ते दोन अशासाठी की एक बंद पडला म्हणून आपली लाइन गेली असं ठरू नये. परत फायबरवर यायला सलग १० उत्तरं हवीत, नाहीतर रात्रभर इकडून तिकडे चालू राहील.

बी-३०४: दोन्ही एकदम वापरा ना, स्पीड दुप्पट!

बी-५०१: एक डाउनलोड एकाच लाइनीतून जातं, ते दुप्पट होत नाही. शिवाय मध्येच लाइन बदलून आपला इंटरनेटवरचा पत्ता बदलला की काही बँकांच्या साइट लॉगआउट करतात.

ए-४०२: एक विचारू? दोन्ही वायरी गेटजवळच्या एकाच पाइपातून आत येतात. जेसीबीने तोच तोडला तर?

ए-१०३: एका पाइपातल्या दोन वायरींची दोन बिलं! कधीपासून हेच विचारतोय.

बी-५०१: काका, हे तुमचं बरोबर आहे. दुसरी लाइन वायरीची नकोच. सिमवाला राउटर गच्चीवर लावू, बिलही कमी येईल.

चेअरमन: कोटेशन आणा, रविवारी बघू.

बी-५०१: पिंगचं आजच करतो. चाचणीसाठी ५ वाजता मोडेम चालू ठेवून मागची फायबरची पिवळी वायर काढणार. गेटचं ॲप मिनिटभर अडकेल.

सी-३०२: नर्सबाई ६ ला येतात. त्याआधी करा, मी खाली येऊन बघते.